घरात जपलेल्या जन्म, मृत्यू व विवाहाच्या दाखल्यांचा वंशावळीत हवाला कसा द्यावा : बेळगाव सीमाभागातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागांतील मराठी घराण्यांची वंशावळ किंवा कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांच्या हाती पहिला पुरावा बहुधा कचेरीत नव्हे, तर घरातल्याच एखाद्या ट्रंकेत लागतो. जन्माचा उतारा, मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणीची प्रत असे हे कागद कोणीतरी, कोणत्यातरी कामासाठी काढलेले असतात आणि काम झाल्यावरही टाकून दिलेले नसतात. त्यांचा हवाला देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

दाखला तर सरकारीच आहे. मग हवाल्यात सरळ कचेरीचे नाव लिहिले तर काय बिघडते?

हवाला म्हणजे आपण स्वतः काय पाहिले याचे निवेदन होय. आपण थोरल्या चुलत्यांच्या घरी कागद पाहिला असेल आणि हवाल्यात मात्र ‘तहसीलदार कचेरी, खानापूर, जन्म नोंदवही’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याचा समज असा होतो की आपण नोंदवही उघडून ती ओळ वाचली आहे. प्रत्यक्षात नोंदवही आणि आपण यांच्यामध्ये नक्कल उतरवणारा कारकून, ती मुळाशी ताडून पाहणारा दुसरा कारकून, अर्ज करणारा नातेवाईक आणि कागद सांभाळणारे घर इतके टप्पे असतात, आणि त्यांपैकी कोठेही एखादे अक्षर किंवा आकडा बदललेला असू शकतो.

म्हणून घरातील दाखला आणि कचेरीतील नोंदवही हे दोन स्वतंत्र पुरावे मानावेत. पुढे आपण कचेरीतून नवी प्रत मिळवली तरी जुना हवाला खोडू नये; नव्या प्रतीचा हवाला वेगळा द्यावा आणि दोन्हींत फरक असल्यास तो नमूद करावा. नोंदवहीची पाने वाळवीने खाल्ली, शाई उडाली किंवा वहीच सापडेनाशी झाली, तर घरातली नक्कल हाच त्या नोंदीचा एकमेव उरलेला साक्षीदार ठरतो. त्या नक्कलेला कचेरीच्या नावाखाली झाकून टाकणे हे तिचे महत्त्व घालवण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवाल्यात नेमके काय काय लिहावे?

कागद कोणता आहे, कोणाच्या संबंधी आहे, कोणत्या अधिकाऱ्याने तो कधी दिला, त्यावर नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख कोणती आहे, आपण मूळ दाखला पाहिला की झेरॉक्स की मोबाइलवर आलेले छायाचित्र, तो आज कोणाच्या ताब्यात आहे, त्यांच्याकडे तो कसा आला आणि आपण तो कोणत्या दिवशी पाहिला, इतक्या गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. नमुन्यादाखल एक हवाला असा लिहिता येईल:

‘(गावाचे नाव), तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव येथील जन्म नोंदीचा उतारा, (बालकाचे पूर्ण नाव), नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख उताऱ्यावरून, जन्म-मृत्यू निबंधकांच्या सही-शिक्क्याने १२ जून १९७८ रोजी दिलेला, कन्नड भाषेत, मूळ उताऱ्याची झेरॉक्स, एक पान, मागील बाजू पाहिलेली नाही. उतारा बालकाच्या वडिलांनी शाळाप्रवेशासाठी काढला. त्यांच्या पश्चात धाकट्या मुलाकडे. सध्या (धारकाचे नाव), टिळकवाडी, बेळगाव यांच्या खासगी संग्रहात. प्रस्तुत लेखकाने ४ मे २०२४ रोजी पाहिला व छायाचित्र घेतले.’

हवाला लांबला तरी चालतो. ‘मागील बाजू पाहिलेली नाही’ हे चार शब्दही मोलाचे असतात, कारण जुन्या नकलांच्या मागील बाजूस पुष्कळदा अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि कोर्ट फी स्टँप असतो. खाली ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन सह्या असतील तर त्याही उतरून घ्याव्यात. दुसरी सही असणे म्हणजे ती नक्कल मुळाशी ताडून पाहिल्याची खूण आहे. नक्कल किती विश्वसनीय मानावी हे ठरवताना ही एक सही फार उपयोगी पडते.

आमच्याकडे फक्त झेरॉक्स आहे, तीही साक्षांकित. मूळ कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. अशा प्रतीचा हवाला द्यावा का?

अवश्य द्यावा, मात्र ती झेरॉक्स आहे आणि मूळ कागद आपण पाहिलेला नाही हे त्यातच लिहावे. साक्षांकनाच्या सहीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. मुख्याध्यापकाने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने केलेली सही एवढेच सांगते की ही प्रत समोर ठेवलेल्या कागदाबरहुकूम आहे. त्या कागदातील मजकूर खरा आहे, असे ती सही सांगत नाही.

झेरॉक्स सर्वत्र होण्यापूर्वीच्या काळातील टंकलिखित ‘खरी प्रत’ हा आणखी वेगळा प्रकार आहे. ती कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने मूळ दाखला समोर ठेवून पुन्हा टाइप केलेली असे, त्यामुळे तिच्यात नवी चूक शिरण्याची शक्यता झेरॉक्सपेक्षा कितीतरी अधिक असते. हवाल्यात ‘टंकलिखित प्रत’ असे स्पष्ट लिहावे आणि साक्षांकन करणाऱ्याचा हुद्दा व तारीख द्यावी. नाव वाचता येत नसेल तर ‘सही अवाच्य’ असे लिहावे. अंदाजाने नाव भरू नये.

आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावर जन्मसाल १९४१ आहे, पण नोंदणीची तारीख १९९० नंतरची आहे. हा दाखला खोटा समजावा का?

नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार एका वर्षापेक्षा अधिक उशिरा होणारी नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करता येते. पासपोर्ट, निवृत्तिवेतन किंवा वारसाच्या कामासाठी जन्माचा दाखला हवा झाला, जुन्या वहीत नोंद सापडली नाही, ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घेतला आणि मग आदेश मिळवून नोंद केली, असा प्रवास हजारो घरांतील वडीलधाऱ्यांच्या दाखल्यांनी केलेला आहे.

असा दाखला खरा असला तरी त्यातील जन्मतारखेचा आधार जन्माच्या वेळी दिलेली वर्दी नसून, कित्येक दशकांनी केलेले प्रतिज्ञापत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला हा असतो. आणि शाळेतील तारीख कशी आली हे तर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना वय अदमासाने सांगितले जाई, शाळा जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजी १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. म्हणून जुन्या दाखल्यावर १ जून दिसल्यास सावध व्हावे. हवाल्यात जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख या दोन्ही द्याव्यात, आणि आदेशाचा क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात असेल तर तोही उतरवावा. वाचकाला दोन तारखांमधले अंतर दिसले की दाखल्याचे वजन त्याला आपोआप कळते.

एकाच व्यक्तीच्या जन्माचे दोन दाखले दोन घरांत मिळाले आणि त्यांत नाव वेगळे आहे. कोणता धरावा?

प्रथम दोन्हींवरील नोंदणी क्रमांक आणि देण्याची तारीख पाहावी. क्रमांक एकच असेल तर मधल्या काळात नोंद दुरुस्त झाली असण्याची शक्यता मोठी आहे. अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडली जात नाही, ती समासात लिहून निबंधक सही व तारीख करतो. आधी काढलेल्या दाखल्यात अर्थातच ती दुरुस्ती नसते. काही वेळा नाव न ठेवताच जन्माची नोंद होते आणि नाव नंतर घातले जाते, त्यामुळे पहिल्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा असतो. दोन्ही दाखल्यांचे हवाले स्वतंत्र द्यावेत आणि वंशावळीत कोणते रूप घेतले व का घेतले ते एका वाक्यात सांगावे. क्रमांक वेगवेगळे असतील, तर एकच जन्म दोन ठिकाणी नोंदला गेला का, हे शोधावे लागते.

जन्म दोन ठिकाणी कसा नोंदला जाईल?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत हे याचे नेहमीचे कारण आहे. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील घराण्यांच्या सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, आजरा या बाजूला पूर्वापार होत आल्या आहेत. मूल आईच्या माहेरी जन्मले की त्याची नोंद तिथल्या वहीत होते, वडिलांच्या गावी होत नाही. आणि वडिलांच्या गावी नोंद मिळाली नाही म्हणून पुढे कोणी उशिराची नोंद करून घेतलेली असू शकते. म्हणून घरातील दाखला वाचताना जन्मस्थळ आणि आईवडिलांचा कायमचा पत्ता हे दोन रकाने वेगळे ठेवून वाचावेत व हवाल्यातही वेगळे लिहावेत. आजोळच्या घरी चौकशी केल्याशिवाय वडिलांकडील शोध पुरा झाला असे मानू नये.

१९५६ पूर्वीच्या कागदावर जिल्हा, राज्य आणि गाव यांची नावे आजच्यापेक्षा वेगळी आहेत. हवाल्यात कोणती लिहावीत?

कागदावर जे आहे तेच आधी लिहावे, आणि आजची ओळख त्यापुढे द्यावी. सीमाभागात या नियमाला विशेष महत्त्व आहे, कारण माणूस जागचा हलला नाही तरी त्याच्या गावावरील अंमल बदलत गेला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला; म्हैसूर राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले आणि बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले. त्यामुळे एकाच घरातील तीन पिढ्यांच्या दाखल्यांवर तीन राज्यांची नावे सापडणे स्वाभाविक आहे.

चंदगड तालुका १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता आणि राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूर जिल्ह्यात गेला, म्हणजे चंदगडच्या एखाद्या गावचा १९५० चा मृत्यूचा उतारा ‘जिल्हा बेळगाव’ असे म्हणेल आणि ते बरोबरच असेल. संस्थानी मुलखाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आज बेळगाव शहराचाच भाग असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, आणि रामदुर्ग हे स्वतःच एक संस्थान होते. १९४८-४९ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. बेळगावचा कॅन्टोन्मेंट भाग आणखी निराळा, कारण तेथील जन्म-मृत्यूची नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे होते. म्हणून नुसते ‘बेळगाव’ लिहिल्याने पुढच्या शोधकर्त्याला कोणत्या दारात जायचे हे कळत नाही. दाखल्याच्या माथ्यावर ज्या संस्थेचे किंवा संस्थानाचे नाव आहे, ते हवाल्यात जसेच्या तसे आले पाहिजे.

दाखला कन्नडमध्ये आहे. नावे मराठी वळणाने लिहावीत की कागदावर आहेत तशी?

उतारा घेताना कागदावर आहेत तशी, आणि वंशावळीच्या मुख्य मजकुरात घराण्यात रूढ आहेत तशी. कन्नड लेखनात ‘देसाई’ हे ‘देसायि’ होते, ‘लक्ष्मीबाई’ हे ‘लक्ष्मीबायि’ होते. हा त्या लिपीतील लेखनाचा रिवाज आहे, माणूस बदललेला नाही. पण अशा फरकामुळे पुढील पिढीला दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. म्हणून हवाल्यात ‘कन्नड दाखल्यात (असे) लिहिलेले’ अशी नोंद ठेवावी आणि वाचन कोणाकडून करून घेतले तेही लिहावे. शेजारच्या कन्नड भाषिक स्नेह्यांनी वाचून दाखवले असेल तर तसे कृतज्ञतेने नमूद करावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न केवळ लिपीचा नसतो. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल आपल्याकडे होती, त्यामुळे जन्माचा उतारा माहेरच्या नावाने आणि मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने असतो, आणि दोहोंमध्ये एकही नाव समान नसते. हे दोन कागद एकाच स्त्रीचे आहेत असे म्हणण्यास तिसरा आधार लागतो, आणि तो कोणता हे लिहिलेच पाहिजे: लग्नपत्रिका, जमिनीच्या वाटणीचा कागद, किंवा तिच्या भावजयीने सांगितलेली माहिती. शेवटचा आधार तोंडी असला तरी तो निषिद्ध नाही. सांगणाऱ्याचे नाते आणि सांगितल्याची तारीख मात्र द्यावी.

घरात मोडी लिपीतील नक्कल आहे. तिचे देवनागरी लिप्यंतर पुरेसे आहे का?

लिप्यंतर द्यावे, पण हवाला मोडी कागदाचाच द्यावा आणि लिप्यंतर कोणी केले ते सांगावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही आणि शब्द न तोडता सलग लिहिले जातात, त्यामुळे आडनाव कोठे सुरू होते याबद्दल दोन जाणकारांचे वाचन वेगळे पडू शकते. शंकास्पद शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि छायाचित्र सोबत जपावे.

गावपातळीवरील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला गाव नमुना नंबर १४ किंवा बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात. घरातील जुना उतारा अशा वहीतील आहे, असे त्यावरील नमुना क्रमांकावरून कळत असेल, तर तेही हवाल्यात यावे. मूळ वही पुढे कोणी शोधू लागला तर त्याची वाट सोपी होते.

कागदावर शके आणि तिथी आहे. इंग्रजी तारीख घातली तर चालेल का?

मूळ तिथी आधी, इंग्रजी तारीख नंतर, आणि ती आपण काढलेली आहे हे उघड करून. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन येतो, पण वर्षाच्या अखेरीस, म्हणजे पौषाच्या काही भागासाठी आणि माघ-फाल्गुनासाठी, ७९ मिळवावे लागतात. शके १८५० चा चैत्र १९२८ मध्ये येतो, त्याच शकाचा माघ १९२९ मध्ये येतो. ही चूक वंशावळींत वारंवार होते आणि एका वर्षाच्या फरकाने भावंडांचा थोरला-धाकटा क्रम उलटतो. संवत्सराचे नाव दिलेले असल्यास ते ताडून पाहावे. शके १८५० हे विभव संवत्सर होते, आणि मराठी व कन्नड पंचांगांत ही नावे सारखीच असल्याने दोन्हीकडच्या कागदांना हा पडताळा लागू पडतो. महसुली कागदावर फसली सन असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावेत, कारण फसली वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाच्या सुमारास, बदलते.

पणजोबांच्या मृत्यूच्या जुन्या उताऱ्यात मृत्यूचे कारण लिहिले आहे. नव्याने काढलेल्या दाखल्यात ते नाही. असे का?

१९६९ च्या अधिनियमाच्या कलम १७ नुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. म्हणून त्याआधीच्या काळातील उतारा घरात असेल आणि त्यात पटकी, प्लेग, ताप असे कारण लिहिलेले असेल, तर ती माहिती आज नव्या दाखल्यातून मिळणार नाही. अशा कागदाचा हवाला अत्यंत काळजीने द्यावा आणि त्याची छायाचित्रे निदान दोन घरांत ठेवावीत. त्याला लॅमिनेशन मात्र करू नये. उष्णतेने आणि चिकट थराने कागदाचे कायमचे नुकसान होते व मागचा मजकूर तपासण्याचा मार्गही बंद होतो.

विवाहाचा दाखलाच नाही. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका किंवा घरातील वही यांना पुरावा म्हणता येईल का?

म्हणता येईल, परंतु प्रत्येकाचा प्रकार ओळखून. जुन्या पिढ्यांत विवाह नोंदवण्याची पद्धतच फारशी नव्हती, त्यामुळे लग्नपत्रिका हाच लेखी आधार असतो. पत्रिका लग्नाआधी छापली जाते, म्हणून ती ठरलेला मुहूर्त सांगते. लग्न त्याच दिवशी लागले हे ती सिद्ध करत नाही. लग्नाची याद, म्हणजे लग्न ठरवताना दोन्ही घरांनी केलेला लेखी ठराव, मिळाली तर दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांची नावे व सह्या मिळतात, आणि वंशावळीच्या दृष्टीने ती पत्रिकेपेक्षाही मोलाची असते. जन्मपत्रिकेचा हवाला देताना ती बारशाच्या सुमारास केलेली आहे की लग्न जमवताना नव्याने करून घेतलेली आहे, हे शाई, कागद आणि ज्योतिष्याच्या नोंदीवरून शक्य तितके ठरवावे.

खानापूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत चर्चने दिलेला बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा उतारा असतो; त्यात चर्चचे नाव व गाव न चुकता लिहावे. याच भागात हेळव समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत व जपत आले आहेत. त्यांच्याकडून उतरवून घेतलेला कागद घरात असेल, तर तो कोणी सांगितला, कोणी लिहिला आणि कोणत्या साली, हे तीन तपशील त्यावर आजच टिपून ठेवावेत.

कागद कोणाकडे कसा आला हे इतक्या तपशिलाने लिहिण्याची खरोखर गरज आहे का?

होय. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९० मध्ये तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाबद्दल अनुमान करण्याची जी मुभा होती, तिची अट अशी होती की तो दस्तऐवज योग्य ताब्यातून आलेला असावा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. वंशावळ लिहिणारा न्यायालयात उभा नसतो. पण कागद ज्याच्याकडे असायला हवा त्याच्याकडेच होता का, हा प्रश्न त्यालाही तितकाच लागू होतो. आजोबांचा दाखला थोरल्या मुलाकडून नातवाकडे आला असेल तर साखळी सरळ आहे. तोच दाखला रद्दीत किंवा घर विकताना माळ्यावर सापडला असेल, तर तसे लिहावे.

धारकाचे नाव व पत्ता छापावा का?

धारकाची परवानगी घेऊन नाव आणि गाव छापावे. घराचा पत्ता व फोन क्रमांक आपल्या खासगी नोंदीत ठेवावा. हयात व्यक्तींच्या जन्माच्या दाखल्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत, आणि आधार क्रमांक कोठेही दिसत असल्यास तो झाकावा. एखाद्या आत्याला किंवा काकूला आपले नाव येणे नको असेल, तर ‘घराण्यातील एका सदस्याच्या खासगी संग्रहात’ असे लिहावे व पूर्ण तपशील कुलवृत्तांताच्या संपादकांकडे बंद पाकिटात द्यावा.

हवाला लिहून झाल्यावर कागद दुसऱ्या घरी गेला किंवा पावसात खराब झाला, तर काय करावे?

जुना ताबा खोडू नये. त्यापुढे ‘(साल) पासून (नव्या धारकाचे नाव), निपाणी यांच्याकडे’ अशी भर घालावी. कागद नष्ट झाला असल्यास ‘मूळ दाखला नष्ट, प्रस्तुत हवाला (तारीख) रोजी घेतलेल्या छायाचित्रावरून’ असे लिहावे, आणि छायाचित्रे कोणाकोणाकडे आहेत त्यांची नावे जोडावीत. छायाचित्राच्या फाइलला मोबाइलने दिलेला आकडा तसाच न ठेवता गाव, व्यक्ती, नोंदीचा प्रकार आणि साल असे नाव द्यावे, आणि तेच नाव हवाल्याच्या शेवटी लिहावे.